कुलूप काढले ती दुपार

मंगळवार, १३ मार्च २०१८. त्या दुपारला ५७ दिवस बाकी.

मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट बाहेर पडले. त्यात सीव्हीई-२०१८-०८८६ या क्रमांकाच्या दोषाची दुरुस्ती होती. प्रीएम्प्ट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी तो आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्येच कळवला होता. दोष होता क्रेडएसएसपीमध्ये. घरून किंवा शाखेतून आपण रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरला जोडतो, तेव्हा आपले युजरनेम आणि पासवर्ड सर्व्हरच्या हवाली करण्याचे काम हे क्रेडएसएसपी करते.

हा दोष नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. पासवर्ड देण्याआधी आपला संगणक सर्व्हरची सार्वजनिक किल्ली कूटबद्ध करून परत पाठवतो. आपण खऱ्या सर्व्हरशीच बोलतोय, याची ती खातरजमा असते. वाटेत दबा धरून बसलेला हल्लेखोर सर्व्हरच्या जागी स्वतःची किल्ली पुढे करतो आणि त्या किल्लीच्या आकड्यांतच सर्व्हरला द्यायचा हुकूम दडवतो. आपला संगणक ते आकडे न तपासता आपल्या अधिकाराने कूटबद्ध करून देतो. हल्लेखोर ते उचलून खऱ्या सर्व्हरकडे नेतो आणि सर्व्हर तो हुकूम आपणच दिल्याचे समजून पाळतो. पासवर्ड कितीही अवघड असला तरी इथे त्याचा उपयोग नाही, कारण तो फोडावाच लागत नाही.

मार्चच्या अपडेटने सर्व्हर आणि क्लायंट, म्हणजे आपला संगणक, अशा दोन्हीकडची गळती बुजवण्याची सोय केली. मात्र जुन्या, अपडेट न झालेल्या यंत्रांशी जोडणी चालू राहावी म्हणून मूळ सेटिंग ‘व्हल्नरेबल’ ठेवले. मे महिन्यात ते बदलणार, हेही तेव्हाच जाहीर केले. ज्यांनी सर्व्हर अपडेट केला त्यांना मे महिन्यात अडचण येणार नव्हती. ज्यांनी केला नाही त्यांनाही त्या दिवशी काहीच जाणवले नाही.

गुरुवार, २२ मार्च. ४८ दिवस बाकी.

अमेरिकेत अटलांटा महापालिकेचे संगणक सॅमसॅम या खंडणीखोर व्हायरसने बंद पाडले. त्याचा या दोषाशी संबंध नव्हता. पण सॅमसॅमची टोळी पासवर्डचा मारा करून किंवा चोरलेले पासवर्ड वापरून रिमोट डेस्कटॉपमार्गेच अनेक ठिकाणी शिरत होती, असे अमेरिकी सरकारने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांगितले. इंटरनेटवर उघडा असलेला रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट किती धोक्याचा आहे, हे त्या वसंतात सगळ्यांसमोर होते.

मंगळवार, १७ एप्रिल. २२ दिवस बाकी.

आणखी एक छोटे अपडेट आले. जोडणी अडवली गेली तर दिसणारा संदेश त्याने सुधारला, एवढेच.

मंगळवार, ८ मे. रात्री १०.३०.

मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमध्ये सकाळचे दहा वाजले आहेत. मे महिन्याचे अपडेट सुटते. मूळ सेटिंग ‘व्हल्नरेबल’वरून ‘मिटिगेटेड’वर येते. अर्थ सरळ आहे: अपडेट झालेला क्लायंट यापुढे अपडेट न झालेल्या सर्व्हरला जोडणार नाही. उलट बाजूने मात्र मुभा आहे, अपडेट न झालेला क्लायंट नव्या सर्व्हरला अजून जोडू शकतो. यातला पहिला नियम लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशीचा सगळा गोंधळ त्यातून उभा राहिला.

बुधवार, ९ मे. पहाटे ३.००.

इथून पुढची कचेरी एक नाही. त्या दिवशी अशा असंख्य ठिकाणी जे घडले ते मी एका कचेरीत एकत्र मांडतो आहे. जिल्ह्याच्या गावातले एक सीए कार्यालय आहे. टॅली आणि सगळी खाती भाड्याच्या सर्व्हरवर आहेत. सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २००८ आर-२ आहे आणि त्याचे ऑटोमॅटिक अपडेट बंद आहे. ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे धोरण. मार्चची दुरुस्ती त्यावर आलेलीच नाही.

कचेरीतले विंडोज १० चे काही लॅपटॉप रात्री चालू राहिले होते. ते पहाटे अपडेट होऊन रीस्टार्ट झाले. जे बंद होते ते जुनेच राहिले.

सकाळी ९.४५.

मार्चचा जीएसटीआर-१ भरण्याची मुदत उद्या, १० मेला संपते आहे. आर्टिकलशिप करणारी मुले आज लवकर आली आहेत. पहिलीच मुलगी रिमोट डेस्कटॉप उघडते. पडद्यावर इंग्रजीत संदेश येतो: ऑथेंटिकेशनमध्ये चूक झाली, मागितलेले फंक्शन उपलब्ध नाही, क्रेडएसएसपी एन्क्रिप्शन ओरॅकल रेमेडिएशनमुळे असे होत असावे.

“सर, सर्व्हर पासवर्ड घेत नाहीये.”

वेळ इथेच वाया जायला लागला. संदेशातला ‘ऑथेंटिकेशन’ एवढाच शब्द वाचला गेला आणि ऑथेंटिकेशन म्हणजे पासवर्ड, असे सगळ्यांनी धरले.

सकाळी १०.१५.

पासवर्ड बदलला. काही फरक नाही. दुसऱ्या युजरने लॉगिन करून पाहिले, तोच संदेश. राउटर बंद-चालू केला. सर्व्हर भाड्याने देणाऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, सर्व्हर चालू आहे, पिंग होतोय. त्याचेही खरेच होते.

पासवर्ड चुकला असता तर सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाची नोंद दिसली असती. खाते लॉक झाले असते किंवा पासवर्डची मुदत संपली असती तर त्याच नोंदीत कारणाचा कोड असता. डोमेनमधल्या दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तर कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत अडते, त्याचीही खूण वेगळी. इथे नोंद सर्व्हरवर शोधायचीच नव्हती. ती आपल्याच लॅपटॉपवर, इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये ६०४१ क्रमांकाने पडलेली होती. लॅपटॉपने स्वतःच नकार दिला होता. पासवर्ड सर्व्हरच्या हवाली झालेलाच नव्हता.

सकाळी १०.५०.

कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवरून एकाचे लॉगिन होते. तोच युजर, तोच पासवर्ड, तोच सर्व्हर.

मला विचाराल तर सगळे निदान या क्षणात होते. एकच पासवर्ड शेजारच्या टेबलावर चालतो आणि इथे चालत नाही, तर पासवर्डचा प्रश्न संपला. दोन यंत्रांत फरक काय, एवढेच शोधायचे उरले. दोन्हीकडची अपडेट हिस्टरी उघडली असती तर पाच मिनिटांत दिसले असते: एकावर मे महिन्याचे अपडेट, दुसऱ्यावर नाही. पण मुदतीच्या आदल्या दिवशी कोणी निदान करत बसत नाही. सगळे त्या एका डेस्कटॉपभोवती जमतात.

सकाळी ११.२०.

संगणकाची देखभाल करणारा मुलगा येतो. संदेश पाहून शोध घेतो. एव्हाना जगभरातून तीन उपाय फिरत होते.

पहिला, आपल्या लॅपटॉपच्या पॉलिसीत जाऊन ‘व्हल्नरेबल’ निवडायचे, म्हणजे रजिस्ट्रीत ‘अलाऊ एन्क्रिप्शन ओरॅकल’ची किंमत २ करायची. दुसरा, लॅपटॉपवरचे नवे अपडेटच काढून टाकायचे. तिसरा, सर्व्हरवर नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनची खूण काढायची आणि जोडणीच्या फाइलमध्ये क्रेडएसएसपी बंद करायचे.

तिन्ही चालतात, आणि तिथेच फसगत होते. पहिल्या दोहोंनी बुजवलेली गळती पुन्हा उघडते. तिसऱ्याने त्याहून मोठी गोष्ट होते. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन म्हणजे दाराबाहेरचे कुलूप: ओळख पटल्याशिवाय सर्व्हर लॉगिनचा पडदासुद्धा दाखवत नाही. ते काढले की अनोळखी माणूसही थेट ओसरीपर्यंत येतो.

दुपारी ११.५०.

“दादा, किती वेळ लागेल?”

“पाच मिनिटं.”

कोपऱ्यातल्या डेस्कटॉपवरून सर्व्हर उघडला जातो. सिस्टम प्रॉपर्टीज, रिमोट टॅब, खूण काढली, ओके. लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये एक ओळ बदलली. सगळ्यांचे लॉगिन होते. कचेरी सुटकेचा श्वास टाकते.

याच डेस्कटॉपवरून, याच वेळी, सर्व्हरवर मार्चनंतरचे कोणतेही मासिक अपडेट टाकून रीस्टार्ट करता आले असते. जेवणाच्या सुट्टीत ते काम उरकले असते. एकही जुने यंत्र हाताशी नसते तरी वाटा होत्या: सर्व्हर भाड्याने देणाऱ्याचा कन्सोल होता, पॉवरशेल रिमोटिंग सुरू असेल तर तेही होते, कारण ते आपसूक क्रेडएसएसपी वापरत नाही. अगदी नाइलाजच झाला तर एका लॅपटॉपवर ‘व्हल्नरेबल’ लावायचे, सर्व्हर अपडेट करायचा आणि त्याच तासात सेटिंग मागे घ्यायचे. मायक्रोसॉफ्टचा सल्लाही सर्व्हर अपडेट करा हाच होता.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला पाच मिनिटांचे पैसे मिळतात आणि कचेरीला पाच मिनिटांतच काम हवे असते. दोष मालकाचा आहे. सर्व्हर दोन महिने अपडेटविना ठेवण्याचा निर्णय त्याचा होता, आणि निर्णय न घेणे हाही निर्णयच. मायक्रोसॉफ्टही सुटत नाही. कामाच्या दिवशी लाखो लोकांसमोर जाणाऱ्या संदेशात ‘सर्व्हर अपडेट करा’ एवढे तीन शब्द घालता आले असते. त्याऐवजी एका पानाचा दुवा दिला गेला.

गुरुवार, १० मे. रात्री.

रिटर्न भरून झाले. सर्व्हरच्या अपडेटचा विषय ‘पुढच्या आठवड्यात बघू’वर गेला. खूण परत लावायची कोणाला आठवण राहिली नाही, कारण काहीच अडत नव्हते.

मंगळवार, १४ मे २०१९.

त्या दुपारनंतर एक वर्ष आणि पाच दिवसांनी मायक्रोसॉफ्टने सीव्हीई-२०१९-०७०८ जाहीर केला. जग त्याला ब्लूकीप म्हणते. दोष रिमोट डेस्कटॉप सेवेतच होता. विंडोज ७, सर्व्हर २००८ आणि २००८ आर-२ त्याच्या तडाख्यात होते. ज्यांची मदत कधीच संपली होती त्या एक्सपी आणि सर्व्हर २००३ साठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली, इतका तो दोष गंभीर होता. युजरनेम नको, पासवर्ड नको, लॉगिनच्या आधीच सर्व्हर ताब्यात येत होता आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणे शक्य होते.

अपडेट लगेच टाकता येत नसेल तर मायक्रोसॉफ्टने तात्पुरता आधार म्हणून एक गोष्ट सुचवली: नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू ठेवा. ते चालू असेल तर हल्लेखोराला आधी खरे खाते लागते. महिनाअखेरीस सुरक्षा संशोधक रॉबर्ट ग्रॅहम यांनी इंटरनेट धुंडाळले, तेव्हा सुमारे साडेनऊ लाख यंत्रे या दोषाला उघडी सापडली. नोव्हेंबरमध्ये त्याचा वापर करून यंत्रांवर क्रिप्टोचलन काढणारे प्रोग्राम बसवण्याचे प्रयत्न संशोधकांच्या सापळ्यांत पकडले गेले.

९ मेच्या दुपारी खूण काढून विसरलेला आणि पुढेही अपडेट न झालेला २००८ आर-२ चा प्रत्येक सर्व्हर, इंटरनेटवर उघडा असेल तर, त्या उघड्या यंत्रांच्या रांगेत उभा होता.

तुमच्या कचेरीत रिमोट डेस्कटॉप असेल तर आजच दोन ठिकाणी पाहा. सर्व्हरवर सिस्टम प्रॉपर्टीजच्या रिमोट टॅबमध्ये नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनची खूण आहे का, आणि लॅपटॉपच्या पॉलिसीत ‘एन्क्रिप्शन ओरॅकल रेमेडिएशन’ अजून ‘व्हल्नरेबल’वर अडकले आहे का. पहिली नसेल तर लावा, दुसरे असेल तर काढा. त्याआधी सर्व्हर अपडेट करा.