दट्ट्या दोनदा वर येतो

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी गेल्या उन्हाळ्यात अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आपल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन पुन्हा बांधले. ब्लॉक बोअर करून आणला, नव्या रिंगा घातल्या, झडपा घासून बसवल्या. पावसाळ्यापूर्वी शेड पाडायची होती. त्याआधी गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर आली नाही तर ती भंगारवाल्याकडे जाणार, असे घरात ठरले होते.

ठरलेल्या दिवशी सरांनी आधी प्लग काढून ठेवले व सेल मारून इंजिन नुसतेच फिरवले. नव्या बेअरिंगांमध्ये तेल पोचल्यावाचून इंजिन पेटवायचे नाही, हा पहिला नियम. तेलाच्या दाबाचा दिवा विझल्यावर त्यांनी प्लग बसवले, वायरी जोडल्या आणि सेल मारला. इंजिन फिरले, पण पेटले नाही. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला कार्बोरेटरमधून फाडकन आवाज होऊन ज्योत बाहेर आली. पेट्रोल येत होते, ठिणगी पडत होती, आणि पुलीवरची खूण अगदी जागेवर होती. संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरली.

चूक कुठे होती ते पुढे येईलच. मात्र ती समजून घ्यायची तर एका प्रश्नाचे उत्तर हवे. सिलिंडरमधला दट्ट्या (गॅरेजात त्याला कोणी दट्ट्या म्हणत नाही, पिस्टनच म्हणतात) एका कामासाठी दोनदा वर का येतो?

1860 साली पॅरिसमध्ये एतिएन लेन्वार याने कोळशाच्या वायूवर चालणारे इंजिन केले. त्यात दट्ट्या अर्ध्या वाटेपर्यंत वायू व हवा आत ओढून घेई आणि तिथेच विजेची ठिणगी पडे. मिश्रण आधी दाबले जात नसे. इंजिन चाले, विकलेही गेले, पण इंधनातल्या उष्णतेपैकी शंभरात चार-पाच भागच कामी येत. बाकी सारी वाया जाई. 1862 मध्ये आल्फोंस बो द रोशा या फ्रेंच अभियंत्याने एका पुस्तिकेत लिहून ठेवले की मिश्रण पेटवण्यापूर्वी दाबले पाहिजे, आणि त्यासाठी दट्ट्याचे चार टप्पे हवेत : ओढणे, दाबणे, पेटून ढकलले जाणे, धूर बाहेर टाकणे. त्याने इंजिन मात्र बांधले नाही.

त्याच सुमारास जर्मनीत निकोलाउस ऑटो नावाचा फिरता विक्रेता हाच खेळ मांडून बसला होता. अभियांत्रिकीचे शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. त्याचे 1862 चे चार टप्प्यांचे इंजिन काही मिनिटेच चालले आणि स्फोटांच्या धक्क्यांनी मोडले. दाबलेले मिश्रण किती जोराने ढकलते, याचा अंदाज कोणालाच नव्हता. ऑटोने तो मार्ग सोडून दिला. ऑयगेन लांगेन या भागीदाराबरोबर त्याने वेगळ्या तत्त्वावरचे इंजिन केले. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले आणि धंदा चांगला चालला. तरीही तो चार टप्प्यांकडे परतला. 1876 साली, म्हणजे पहिल्या फसलेल्या प्रयत्नानंतर चौदा वर्षांनी, ते इंजिन नीट चालू लागले. मिनिटाला सुमारे 180 फेरे, एवढीच त्याची गती.

आता हिशेब पाहा. चार टप्पे म्हणजे दट्ट्या दोनदा वर आणि दोनदा खाली, म्हणजेच क्रँकशाफ्टचे दोन पूर्ण फेरे. पहिल्यांदा वर येतो तेव्हा तो मिश्रण दाबत असतो, दुसऱ्यांदा जळका वायू हाकलत असतो. ठिणगी पहिल्या वेळीच हवी. यासाठी झडपा आणि ठिणगी यांचा कारभार ज्या कॅमशाफ्टकडे असतो, तो क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. क्रँकशाफ्टच्या पुलीवरची खूण म्हणून अर्धेच सांगते. दट्ट्या वर आहे इतके तिला कळते, तो कशासाठी वर आला आहे हे कळत नाही. (वर्गात हे दाखवायला सायकलचा पंप पुरतो. तोंडावर बोट दाबून दांडा आत ढकला, मग बोट काढून ढकला. हात दोन्ही वेळा तेवढाच आत जातो, फरक बोटाला कळतो.)

ऑटोच्या कंपनीकडे चार टप्प्यांचे पेटंट असल्याने इतरांची अडचण झाली. मानहाइम गावच्या कार्ल बेंत्सने नाइलाजाने दोन टप्प्यांचे इंजिन करायला घेतले. त्याचा कारखाना कर्जात होता. पूर्वी एकदा तो वाचवण्यासाठी बेर्टाने, म्हणजे त्याच्या पत्नीने, लग्नाआधीच आपला हुंडा त्यात घातला होता. इंजिन जुळून तयार होते, पण चालू होईना. बेंत्सने आठवणींत लिहिले आहे की 1879 च्या 31 डिसेंबरला रात्रीच्या जेवणानंतर बेर्टाने पुन्हा एकदा कारखान्यात जाऊन बघू या, असे म्हटले. त्या रात्री इंजिन चालू झाले आणि बराच वेळ बंद पडले नाही. दोघे ऐकत उभे असताना गावातल्या नववर्षाच्या घंटा वाजू लागल्या. इंजिन बांधून ते चालू होण्याची वाट पाहिलेल्या कोणालाही ही नोंद खोटी वाटणार नाही.

पुढे 1886 च्या जानेवारीत दोन गोष्टी एका पाठोपाठ घडल्या. 29 तारखेला बेंत्सने आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि 30 तारखेला जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑटोचे पेटंट रद्द केले. आधार होता बो द रोशाची ती विसरलेली पुस्तिका. ज्याने इंजिन कधी बांधलेच नाही त्याच्या लेखणीने, ज्याने ते चौदा वर्षे खपून बांधले त्याचा हक्क गेला! कायद्याने हे बरोबर असेल, पण मला ऑटोबद्दल वाईट वाटते.

यानंतरचा खरा झगडा ठिणगीचा होता. ऑटोच्या इंजिनात सरकत्या झडपेतून ज्योत आत नेली जाई. सावकाश चालणाऱ्या इंजिनाला हे जमे, वेगवान इंजिनाला नाही. गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी बाहेरून तापवलेली नळी सिलिंडरला जोडली. दाबलेले मिश्रण नळीत शिरले की पेटे. गती वाढली, पण पेटण्याचा क्षण आपल्या हाती राहिला नाही. बेंत्सने बॅटरी व विद्युत वेटोळ्याची ठिणगी वापरली, तर तिथे बॅटरी लवकर संपे. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्टा दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्ट्सहाइमला सुमारे शंभर किलोमीटर मोटार घेऊन गेली. वाटेत तुंबलेली इंधननळी तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि ठिणगीच्या उघड्या पडलेल्या तारेला आपल्या मोजाबंदाचे आवरण दिले. बॅटरीची कटकट रोबेर्ट बॉशच्या कारखान्याने मिटवली. 1902 मध्ये तिथल्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला साजेसा प्लग तयार केला.

ठिणगीची वेळ चुकली तर काय होते, हे त्या काळी लोकांच्या हाडांना ठाऊक होते. मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो, म्हणून वेगात ठिणगी दट्ट्या वर पोचण्याच्या जरा आधी पडावी लागते. पण हँडल मारताना इंजिन अगदी हळू फिरते. ठिणगी मागे घेण्याची दांडी सरकवायला चालक विसरला, की दट्ट्या वर पोचण्याआधीच स्फोट होई आणि हँडल उलटे फिरे. मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला वैद्यकाच्या पुस्तकांत आजही 'शोफरचे फ्रॅक्चर' म्हणतात. आपल्याकडे जुन्या जीपला हँडल मारणारे लोक अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवत, तो याच भीतीने.

यावर तोड काढली अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने. पूर्वी त्याने दुकानातल्या गल्लायंत्रासाठी विजेची मोटर केली होती. क्षणभरच चालायचे असेल तर छोट्या मोटरीवर भरपूर भार टाकता येतो, हे त्याला तिथे उमगले होते. सतत चालली तर अशी मोटर जळेल, पण इंजिन सुरू व्हायला काही सेकंदच लागतात. 1912 सालच्या कॅडिलॅकमध्ये त्याचा स्टार्टर बसला. बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची त्याची ठिणगीव्यवस्था तिथे आधीच आलेली होती. पद्मिनीच्या बॉनेटखालचा डिस्ट्रिब्यूटर त्याच घराण्यातला.

आणि सरांची चूकही तिथेच होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी पाना हातात घेण्याआधी विचारले, "सर, अंगठा लावून बघितलात का?" पहिला प्लग काढून त्यांनी भोकावर अंगठा धरला आणि सरांना इंजिन हाताने फिरवायला लावले. एका फेऱ्यात काहीच झाले नाही. पुढच्या फेऱ्यात अंगठा फुस्सकन उडाला. तो दाबण्याचा टप्पा. खूण जुळेपर्यंत इंजिन फिरवून त्यांनी डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडले, तर आतल्या रोटरचे तोंड पहिल्या वायरीकडे नसून बरोबर समोरच्या चौथ्या वायरीकडे होते. पहिला सिलिंडर मिश्रण दाबून वाट पाहत होता आणि ठिणगी चौथ्यात पडत होती. तिथे धुराचा टप्पा संपून आत येण्याची झडप नुकतीच उघडत होती. कार्बोरेटरमधून ज्योत आली ती याच उघड्या झडपेतून.

"पुलीची खूण बरोबर होती हो," सर म्हणाले.

"खूण बरोबरच असते," मिस्त्री म्हणाले, "दोन्ही वेळा."

डिस्ट्रिब्यूटर अर्धा फेरा फिरवून बसवला. बॅटरी रात्रभर चार्ज केलेली होती. सेल मारला, इंजिन दोनदा खोकले आणि पेटले. शेड निळ्या धुराने भरून गेली. बांधताना लावलेले तेल जळत होते, त्याची काळजी नव्हती. मिस्त्रींनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढू दिला नाही. नव्या कॅमला सुरुवातीच्या मिनिटांत तेल पुरेसे मिळावे म्हणून गती जरा चढीच ठेवायची असते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आवाजात त्यांचे बोलणे कोणाला ऐकू आले नाही.

गाडी तिसऱ्या दिवशी शेडबाहेर आली. पाचशे किलोमीटर झाल्यावर सरांनी तेल बदलले. काढलेले तेल एका पांढऱ्या ताटलीत ओतून त्यांनी मला दाखवले. तळाशी नव्या रिंगांनी घासून काढलेला, चंदेरी भुकटीसारखा कीस चमकत होता.