कोकणातील अरब व्यापारी वसाहती

पश्चिम किनाऱ्यावर इस्लामचा प्रवेश प्रथम सागरी व्यापारातून झाला. दख्खनचे राष्ट्रकूट राजे, ज्यांचा अरब लेखक ‘बल्हरा’ म्हणून गौरवाने उल्लेख करतात, अरब व्यापाऱ्यांना उदार आश्रय देत. इ. स. ९१५–१६ च्या सुमारास चौल बंदराला भेट देणाऱ्या अरब प्रवासी अल्-मसूदीने तेथे सिराफ, ओमान, बसरा व बगदादहून आलेले सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे नोंदविले असून, त्यांचा ‘हुनरमान’ हा प्रमुख राजाच नेमीत असे. तिसऱ्या इंद्राच्या काळातील चिंचणी ताम्रपट (९२६) याहूनही बोलका आहे: संजानच्या मंडलावर, म्हणजे प्रांतावर, नेमलेल्या ताजिक (अरब) वंशाच्या मधुमती सुगतिपाने नद्यांवर विनामूल्य तरी आणि अन्नछत्र चालविले, शिवाय देवीच्या मठिकेला जमीन दिली. धर्मभेद ओलांडणारा इतका स्पष्ट पुरावा दुर्मीळच.

घाटमाथ्यावर इस्लामच्या प्रवेशाची प्रक्रिया निराळी होती. कोल्हापूर-पन्हाळा भागात शिलाहार व यादवांनंतर मुस्लिम सत्ता आली ती लष्करी मार्गाने. बहमनी वजीर महमूद गावानने खेळणा (विशाळगड) जिंकला आणि १४७२ मध्ये गोवा घेतला, त्यामागे किनाऱ्यावरील व्यापारावर ताबा मिळविण्याचाच हेतू होता.