तुटलेली शिरोरेखा

मराठी भाषा गौरव दिन, २७ फेब्रुवारी. उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटचं संध्याकाळी सहाला उद्घाटन. सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं, १९४९ साली नाव मिळालेलं हे शहर. जीन्सच्या शिलाईवर इथली कितीतरी घरं चालतात. इथे बसून मराठी पुस्तकांची यादी मोबाइलवर चाळता येणार, याचं आम्हा सभासदांना फार अप्रूप होतं.

दुपारी १२.०० : साइट करणारी मुलगी मथळ्यांना विकतचा देवनागरी फॉन्ट लावते. लॅपटॉपवर पान देखणं दिसतं.

१.३० : ग्रंथपाल काका आपला मोबाइल पुढे करतात. "अगं, माझ्याकडे तर साधीच अक्षरं दिसतायत." फॉन्ट तिच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल केलेला, म्हणून तिला दिसत होता. पानात त्याचं नुसतं नाव गेलं होतं, फाइल गेलीच नव्हती.

२.४५ : साइट ज्या वेबसाइट बिल्डरवर केली, त्याच्या फुकट योजनेत फॉन्ट चढवायची सोय नाही. ती फाइल दुसऱ्या सर्व्हरवर ठेवून कोड जोडते. ब्राउझर अडवतो. परक्या डोमेनवरचा फॉन्ट तो त्या सर्व्हरच्या परवानगीशिवाय वापरत नाही, आणि ती परवानगी देणारी सेटिंग तिच्या हातात नाही.

४.०० : विकतचा फॉन्ट सोडून दिला. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे, तो घेतला. इंग्रजी अक्षरं बदलली, मराठी जशीच्या तशी! मराठीसाठी म्हणून घेतलेली थीम फक्त रोमन अक्षरांची फाइल मागवत होती. देवनागरीची वेगळी जोडावी लागली.

५.१० : 'ज्ञानेश्वरी', 'दुसऱ्या', 'कृष्ण' सगळं नीट उमटलं. पण मोठ्या मथळ्यांची शिरोरेखा प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली. थीममध्ये लेटर स्पेसिंग वाढवून ठेवलेलं. रोमन कॅपिटल अक्षरांना ते शोभतं. आपली अक्षरं मात्र एकाच रेषेला धरून असतात, त्यांना ओढून लांब केलं की शब्दच फाटतो. तिने आकडा शून्यावर आणला. लॅपटॉपवर रेषा सलग झाली.

६.०० : दीपप्रज्वलन झालं. पडद्यावर पान झकास. मग पाहुण्यांनी क्यूआर कोड स्कॅन केला आणि हाताहातात 'वा च ना ल य' उघडलं. मोबाइलची मांडणी बिल्डरमध्ये वेगळी असते, तिथला आकडा तसाच राहिला होता. "आजच्या दिवशी तरी मराठी धड दिसायला हवी होती," एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या. त्यांचं खरंच होतं.

६.२० : मोबाइलचा आकडाही शून्य झाला. तोवर स्क्रीनशॉट गावभरच्या व्हॉट्सॲप गटांत पोचले होते.

त्या मुलीला मी बोल लावणार नाही. मराठीच्या नावाने थीम विकायची आणि ती रोमन अक्षरांवरच बेतायची, हा दोष बनवणाऱ्यांचा आहे. मराठी साइट करणाऱ्यांना एवढीच विनंती : लेटर स्पेसिंग दोन्ही मांडण्यांत शून्य ठेवा, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पान दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून पाहा.