एकमताने अडलेले नंदगड

गोव्याकडून घाट चढून येणाऱ्या मालाची जुनी पेठ म्हणून, आणि २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रज सरकारने संगोळ्ळी रायण्णास जेथे फाशी दिले ते ठिकाण म्हणून, खानापूर तालुक्यातील ज्या नंदगडाची ख्याती होती, त्याचे नाव १९६७ साली महाजन आयोगाच्या अहवालात दाखल झाले आणि आजतागायत ते तेथेच अडकून पडले आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर (आजचे कर्नाटक) राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्याकडे राहिला. या सीमातंट्यावर महाराष्ट्र आणि म्हैसूर या दोन्ही राज्यांनी प्रत्येकी दोन सदस्य देऊन १९६० साली नेमलेली समिती मतैक्याविना विसर्जित झाली, आणि सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ च्या ऑक्टोबरात माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा आयोग बसला. त्याने निपाणी, खानापूर आणि नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्रास व २४७ गावे म्हैसूरला देण्याची शिफारस केली. बेळगाव शहर मात्र होते तेथेच ठेवले. बेळगावावाचून अहवाल मान्य नाही, असे महाराष्ट्राने म्हटले. अहवाल जसाच्या तसा स्वीकारा, असे म्हैसूरने म्हटले. आणि ज्या नंदगडाविषयी आयोगाचा कौल निःसंदिग्ध होता, तेही या ओढाताणीत जागचे हलले नाही.

संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदान्वये राज्यांच्या सीमा बदलण्यास संसदेचा साधा कायदा पुरतो. आंध्र आणि मद्रास यांनी आपल्या सरहद्दीच्या तंट्यात मध्यस्थ पाटसकरांचा निवाडा पत्करला, संसदेने त्याबरहुकूम कायदा केला, आणि १ एप्रिल १९६० पासून नवी सरहद्द अमलात आली. येथे तसे का होऊ नये? मुंबईच्या सभागृहात सत्ताधारी व विरोधक या प्रश्नावर एका स्वरात बोलतात, बंगळूरच्या सभागृहातही तसेच बोलतात. परंतु जो पक्ष दोन्हीकडे आहे, तो दिल्लीत स्वतःच्याच दोन शाखांच्या भीतीने मौन धरतो. मराठी भाषिक राज्यासाठी लढलेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट आणि शेतकरी कामगार पक्षाची मंडळी आपापले वैर बाजूस ठेवून एकत्र आली, हे सहकार्य निःसंशय थोर होते. पण सरहद्दीपलीकडच्या प्रतिनिधींशी तसे सहकार्य करण्याचा पुढचा टप्पा आपण कधी गाठलाच नाही, याचे मला मनस्वी दुःख वाटते.

२००४ पासून या सीमाप्रश्नावरील महाराष्ट्राची फिर्याद सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. १४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांस बोलावून प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती ठरविली, आणि त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव एकमताने संमत केले. त्या समितीत मंत्रीच तेवढे होते. ज्यांच्या आरोळीच्या धाकाने मंत्री एक पाऊल मागे घेण्यास कचरतो, ते विरोधी पक्षांचे सदस्य, आणि खानापूर-निपाणीचे लोकप्रतिनिधी, त्याच बैठकीत सामील केले असते, तर दिलेल्या प्रत्येक गावाचा व घेतलेल्या प्रत्येक गावाचा जाब सर्वांनाच मिळून द्यावा लागला असता.