युंगायची टेकडी

पेरू देशात वास्करान पर्वताच्या पायथ्याशी युंगाय नावाचे शहर होते. ३१ मे १९७० रोजी, रविवारी दुपारी, भूकंप झाला. पर्वताच्या उत्तर शिखराचा बर्फ-खडकांचा कडा सुटला आणि तीनेक मिनिटांत शहर चिखलाखाली गेले. चौकातली काही पामची झाडे तेवढी वर राहिली. दफनभूमीच्या टेकडीवर धावलेले ९२ जण वाचले. सर्कशीला गेलेली मुलेही वाचली. त्या भूकंपात एकंदर सुमारे ७०,००० माणसे गेली.

हा निव्वळ दैवाचा कोप म्हणावा काय? १९६२ च्या जानेवारीत त्याच शिखरावरून भूकंपाविनाच कडा कोसळून शेजारचे रान्राइर्का गाडले गेले होते. त्याच वर्षी दोन अमेरिकी गिर्यारोहकांनी युंगायलाही धोका असल्याचे बजावले. ते वर्तमानपत्रात आले. तेव्हा शब्द मागे घ्या, नाही तर तुरुंग, असा सरकारी दम मिळाला, असे त्यांतल्या एकाने पुढे सांगितले. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना ही रीत परिचयाची आहे. बॉयलर गळतो म्हणणाऱ्यावरच आधी नोटीस निघते.

पुढे सरकारने वाचलेल्यांना दूर वसवायचे ठरविले. ते हलले नाहीत. आपली माणसे इथेच पुरली आहेत, असे त्यांचे म्हणणे. जवळच तळ ठोकून त्यांनी नवे युंगाय उभे केले.