बापूदादांच्या फोटोतलं विमान



आमच्या घराण्याची वही लिहायचं काम सध्या पुण्याच्या नातीने अंगावर घेतलंय. तिने माझे थोरले चुलतभाऊ, कै. बापूदादा, यांचा एक काळापांढरा फोटो स्कॅन करून पाठवला. दादा नौदलात होते. फोटोत ते विमानाला टेकून उभे आहेत. खाली "गोवामुक्ती, १९६१" असं लिहू का, हा तिचा प्रश्न. चौसाळ्यात सगळे तसंच सांगत आले आहेत. आमच्या बापूने गोव्यावर बॉम्ब टाकले, इथपर्यंत गोष्ट वाढलेली आहे.

आधी विमान बघू. त्या काळी विक्रांतवर लढाऊ कामाची विमानं मुख्यतः दोन प्रकारची, ब्रिटिश सी हॉक आणि फ्रेंच अलिझे. सी हॉक हे जेट. एकाच वैमानिकाचं, नाकावर पंखा नाही. इंजिन एकच, पण धूर टाकायची तोंडं दोन, पंखांच्या मुळाशी दोन्ही अंगांना. अलिझेच्या नाकावर चार पात्यांचा मोठा पंखा, आत तिघे बसणार, आणि पंखांखाली चाकं आत घ्यायला दोन फुगीर डबे. ते पाणबुड्या शोधायचं विमान. दादांच्या डोक्यामागे पंख्याचं पातं स्पष्ट दिसतंय, डबाही दिसतोय. म्हणजे अलिझे.

आता साल. विक्रांत ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली आणि नोव्हेंबरात मुंबईला आली. डिसेंबरच्या गोवा कारवाईत ती समुद्रात गस्तीला होती. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी. त्यामुळे बॉम्बची गोष्ट तर गेलीच. (दादांनी स्वतः ती कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. ते फार बोलतच नसत.)

फोटो जहाजावरचा नाही, मागे जमीन आणि नारळाची झाडं आहेत. नारळावरून गोवा ठरत नाही, नारळ कोइमतूरलाही आहेत. आणि नौदलाचा हंसा हा विमानतळ १९६१ मध्ये सुरू झाला तो कोइमतूरजवळच. दाबोळीला तो हलला १९६४ साली. पण नातीला फोटोची मागची बाजू स्कॅन करायला सांगितली, तर तिथे वास्कोच्या एका स्टुडिओचा शिक्का निघाला! तेव्हा फोटो बहुधा १९६४ नंतरचा.

हे वहिनींना सांगणं मात्र जड गेलं. "म्हणजे हे लढाईत नव्हतेच का?" एवढंच विचारलं त्यांनी. पंचाऐंशीच्या घरात आहेत, साठ वर्षं त्यांनी हा फोटो देवघराशेजारी लावून ठेवलाय. मी म्हटलं, वहिनी, फोटो तसं म्हणत नाही. फोटो फक्त एवढंच म्हणतो की मी त्या वेळचा नाही. शिवाय १९७१ आहेच. त्या डिसेंबरात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती, ४ तारखेला तिच्या सी हॉकनी कॉक्स बझारवर हल्ला केला, अलिझेही तिच्यावर होती. विमान उडवणारे थोडे, ते उडण्याजोगं ठेवणारे पुष्कळ. दादा दुसऱ्यांपैकी. तेव्हा ते जहाजावर होते की गोव्यात, हे त्यांच्या सेवापुस्तकात असणार. आमच्याकडची कागदपत्रं वाड्याची भिंत पडली तेव्हा भिजून गेली, पण नौसैनिकांची नोंद मुंबईत मानखुर्दच्या ब्यूरोत असते. दादांचा नंबर पेन्शनच्या कागदावर सापडला. अर्ज मी लिहिला, वहिनींनी सही केली, परवा बीडहून पोस्टाने गेला.

तोवर वहीत "अलिझे विमानासमोर, बहुधा दाबोळी, १९६४ नंतर" एवढंच लिहायचं ठरलंय. नातेवाईक मंडळींपैकी कुणाकडे दादांची जुनी पत्रं असतील तर पाकीट टाकू नका. पोस्टाचा शिक्का वाचून मला कळवा.