पुनरुत्पादनक्षम संगणकीय संशोधन
मूळ आधारसामग्री व आज्ञावली तीच वापरली असता संशोधनाचे निष्कर्ष दुसऱ्या व्यक्तीस पुन्हा मिळविता यावेत, अशा रीतीने केलेले संशोधन. त्यासाठी गणनेच्या सर्व पायऱ्या क्रमाने व आपोआप पार पाडणाऱ्या साधनांचा उपयोग करतात.

इतरांना पडताळता येईल इतक्या तपशिलाने प्रयोगाचे वर्णन करण्याचा प्रघात रॉबर्ट बॉइल यांच्या १६६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वायुपंपाच्या प्रयोगांमुळे दृढ झाला. संगणकाच्या वापरानंतर मात्र निष्कर्षामागील लांबलचक आज्ञावली लेखात देणे अशक्य झाले.

बेल लॅबोरेटरीजमधील स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ ही आज्ञावली तयार केली. कोणती फाईल कोणत्या फायलींपासून बनते, हे तिच्यासाठी लिहून ठेवतात. मूळ फाईल बदलल्यास तिच्यावर अवलंबून असलेल्या फायली तेवढ्याच पुन्हा तयार होतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील भूभौतिकीविज्ञ जॉन क्लेअरबाउट यांच्या गटाने हे तत्त्व संशोधनलेखांना लावले व आपली पद्धत १९९२ मध्ये मांडली. स्वतः काढलेल्या आकृती काही महिन्यांनी पुन्हा काढता येत नाहीत, असा त्यांच्या गटाचा अनुभव होता. आकृती पुसून टाकणे, नव्याने घडविणे, पाहणे व अनावश्यक फायली काढणे, अशा चार ठराविक आज्ञा या गटाने रूढ केल्या. पुसलेली आकृती पुन्हा घडली, तरच ती पुनरुत्पादनक्षम ठरे.

डॉनल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये आज्ञावली व तिचे स्पष्टीकरण एकत्र लिहिण्याची पद्धती मांडली. तिला अनुसरून फ्रीड्रिख लाइश यांनी २००२ मध्ये ‘स्वीव्ह’ हे सांख्यिकीय साधन रचले. पुढे ‘स्नेकमेक’ (२०१२) हे जीवविज्ञानात रूढ झाले. ‘डॉकर’मुळे (२०१३) आज्ञावलीसोबत तिला लागणारे संगणकीय वातावरणही जतन करता येऊ लागले.

या साधनांची निकड एका घटनेने उघड झाली. कर्करोगाच्या कोणत्या रुग्णास कोणते औषध लागू पडेल, हे जनुकांवरून सांगणारा ड्यूक विद्यापीठातील संशोधकांचा लेख २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कीथ बॅगर्ली व केव्हिन कूम्ब्स यांनी उपलब्ध माहितीवरून गणनेची पुनर्रचना केली. जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली, तर औषधास प्रतिसाद देणाऱ्या व न देणाऱ्या नमुन्यांची नावे उलटलेली त्यांना आढळली (२००९). तोवर या पद्धतीवर आधारलेल्या रुग्णचाचण्या सुरू झाल्या होत्या; त्या २०१० मध्ये बंद झाल्या व लेख २०११ मध्ये मागे घेण्यात आला.

पुनरुत्पादनक्षमता म्हणजे सत्यता नव्हे. चुकीची गणनाही तंतोतंत पुन्हा करता येते. मात्र चूक कोणत्या पायरीवर झाली, हे इतरांना शोधता येते. निष्कर्षाच्या खरेपणासाठी नव्या आधारसामग्रीवर स्वतंत्र प्रयोग करणे आवश्यकच असते.